समुद्राकाठी घर घेण्याआधी काय काय बघितलंत? (अनुभव धागा)

खाडीकाठची
काल व्हॉट्सॲपवर जाहिरात आली. रत्नागिरी शहराला लागून, खाडी दिसणारा टू बीएचके. फोटोत निळंशार पाणी, बाल्कनीत वाफाळते दोन कप. ते बघून पंधरा वर्षांपूर्वीचा जून आठवला.

बाबा निवृत्त होणार होते. एप्रिलमध्ये खाडीलगत एक चिरेबंदी घर बघितलं. जोतं उंच, परसात दोन माड, विहीर, बाजार रिक्षाने दहा मिनिटं. सातबारा बघितला, फेरफार बघितले, वकिलाला दाखवले. टोकन द्यायला गेलो, तर गडग्यापलीकडची आजी मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, पावसात अवसेला ये गो एकदा. पैशे कुठे पळत नाहीत."

गेले. भर दुपारी बारा-साडेबाराला, पाऊस पडत असताना. पाणी खाडीकडून आलंच नाही. मागच्या गटारातून उलटं आलं. शांतपणे, आवाज न करता, दोन पायऱ्या चढलं आणि थांबलं. आजी म्हणाली, ह्याला खाजण म्हणतात, भरतीचं पाणी शिरणारी जमीन, नावातच हाय ना? आम्ही दोन महिने कागद वाचत होतो, जागेचं नाव काय आहे हे एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

घर घेतलं नाही. बाबा अजून ऐकवतात, कारण तिथले भाव नंतर कुठल्या कुठे गेले. तुमचे अनुभव लिहा, चांगले-वाईट दोन्ही.

वाशिष्ठी
आम्ही चिपळूणला दुसऱ्या मजल्यावर होतो म्हणून आज हे टाइप करतेय. घेताना बिल्डर म्हणाला होता, २००५ ला इथे "फक्त" पार्किंगमध्ये पाणी आलं होतं. २२ जुलै २०२१ ला पहिला मजला गेला. वरून धो धो, खालून भरती, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर. नदीला जायला जागाच नव्हती. खालच्या काकूंचं लग्नातलं कपाट आमच्या जिन्यात अडकलं होतं, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.
पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. बिल्डर म्हणेल लाल रेषेच्या आत असलं तरी चालतं. त्याला म्हणावं तू राहा. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

घाटावरचा जावई
अवसेलाच का? पौर्णिमेला नाही का चालणार? बाळबोध प्रश्न असेल तर माफी.

मांडवीचा
चालेल की. दोन्हीला उधाण. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी कमी चढतं. एजंट लोक बरोब्बर तेव्हाच घर दाखवायला नेतात, हा माझा संशय आहे, पुरावा नाही 😀
वेळ काढायची असेल तर तिथीची पाऊणपट करा. अष्टमी म्हणजे आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. चतुर्थीला तीन. आमचे आजोबा बोटांवर करायचे.

घाटावरचा जावई
हे भारी आहे! सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "हे तुम्हाला माहीत नाही?" आणि पेपर वर धरला.

पोफळी
३ जून २०२०, निसर्ग वादळ. दिवेआगर. आमची वाडी दुपारपर्यंत उभी होती, संध्याकाळी आडवी. पन्नास-पन्नास वर्षांच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या. धाग्याचा विषय घर आहे म्हणून घराचं सांगते. कौलं फुटली ती फुटली, पण नव्या घराचे पत्रे अख्खेच्या अख्खे उडाले नि शेजाऱ्याच्या माडाला गुंडाळले गेले. लाइट यायला आठवडे गेले. वीज नाही म्हणजे विहिरीवरचा पंप नाही, म्हणजे पाणी नाही. रहाट काढून टाकला होता आम्ही, जुनाट दिसतो म्हणून. आता परत बसवलाय.

सड्यावरून
म्हणून आम्ही सड्यावर, वरच्या कातळी माळावर घेतलं. पाणी चढायची भीती नाही. पाणी मिळायचीही खात्री नाही. मार्च संपला की टँकर. खाली आगरात पाणी आहे तर उधाण आहे, वर वारा आहे तर घागर रिकामी. निवडा.

गंज
मीठ! कोणीच मिठाबद्दल का बोलत नाहीये? गेट तीन वर्षांत चाळण. एसीचं बाहेरचं यंत्र दोनदा बदललं. फ्रीजचा मागचा पत्रा, पंख्याचे स्क्रू, देवघराची घंटा टांगलेली साखळी.
जुना फ्लॅट बघायला गेलात तर रंग बघू नका, तो विकण्याआधी दिलेलाच असतो. बाल्कनीच्या खालच्या बाजूला मान वर करून बघा. तिथे स्लॅबला लांब सरळ भेग दिसली तर आतली सळी गंजून फुगलीय आणि सिमेंट ढकलतेय. आमच्या ओळखीच्या मिस्त्रीने तर गिलाव्याचा तुकडा काढून जिभेला लावला! म्हणाला, वाळू खाडीची हाय, नीट धुतलेली नाय. घरमालकाचा चेहरा बघण्यासारखा होता.

मालवणची चेडू
बावीचा पानी बगल्यात काय? पावसात सगळ्यांच्या बावी गोड्याच लागतत. मे म्हयन्यात जावचा आणि म्हणाचा, वहिनी, वायंच चाय करा. मचूळ असला तर पयल्या घोटातच कळता. आमच्या काकान तसाच केल्यान. चाय नको म्हणून सांगितल्यानी तेव्हाच तो उठलो 😂

पोफळी
😂😂 आता आमच्याकडे कोणी चहा मागितला तरी संशय येणार

सातबारावाला
जरा गंभीर मुद्दा. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्रात येतो. खाडीकाठाला वेगळं अंतर, खारफुटी असेल तर आणखी वेगळं. "मागच्या तिघांनी बांधलंय" ही परवानगी नव्हे. मोकळी जागा घेणार असाल तर बिनशेती आहे का ते बघा, नसेल तर शेतकरी दाखला लागेल. आणि कोकणातला खरा धोका वादळ नाही, सामाईक हिस्सा. मी घेतलेल्या सहा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं होती. एक मस्कतला, दोन देवाघरी, एक चुलत्यावर रागावलेला. सह्या गोळा करता करता माझी मुलगी दहावी झाली.

मांडवीचा
रागावलेल्याची सही कशी मिळाली?

सातबारावाला
गणपतीत. आरतीनंतर, मोदक वाढून.

नर्स ताई
ड्युटीवर आहे, थोडक्यात लिहिते. समुद्र किती मीटर याच्याआधी दवाखाना किती मिनिटं ते बघा, तेही पावसात, रात्री. जांभ्याचा गडगा म्हणजे फुरशाचं घर. सापाचं औषध जवळच्या केंद्रात असतं का, रात्री डॉक्टर असतात का, हे शेजारी विचारायचं, एजंटला नाही. सासूबाईंना विंचू चावला तेव्हा आम्ही दीड तास खड्ड्यांतून गेलो. वाचल्या. विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी केवढं काम केलंय, आपल्या लोकांना माहीत पण नसतं.

शांतता हवी
आमचा वेगळाच त्रास. घर सुंदर, पाणी गोड, पूर नाही. पण ऑक्टोबरपासून समोरच्या पुळणीवर मासळी वाळत घालतात. खिडकी उघडता येत नाही. आधी कोणी सांगितलं नाही.

दर्यावर्दी
ताई, ती पुळण आमच्या आज्यापासून मासळीचीच आहे. तुमची बिल्डिंग परवाची. तुम्ही आम्हाला विचारायला आला होतात काय?

शांतता हवी
बरोबर आहे तुमचं. जानेवारीत बघितलं होतं घर, पण एजंटने सकाळी साडेसहाला नेलं आणि वारा जमिनीकडून होता. चूक आमचीच.

दर्यावर्दी
चूक नाही हो. या एकदा. सोडे (सुकवलेली कोळंबी) देतो चांगले, वासाची सवय आतून होते 🙂

गंज
सोडे?? मला पण. किलोचा काय भाव चाललाय सध्या?

वाशिष्ठी
सोड्यांची खिचडी कोण कशी करतं? आमच्याकडे वाटण घालतात, सासरी नाही घालत.

पोफळी
वाटण नको, नुसता कांदा, कोकम आणि वरून ओलं खोबरं.

खाडीकाठची
मूळ विषय समुद्रात गेला 😄 बाबा मागे उभे राहून वाचतायत. म्हणे, त्या घराचा आजचा भाव पण लिही, म्हणजे लोकांना कळेल.

मांडवीचा
लिहा की. किती झालाय?

खाडीकाठची
नाही लिहिणार.