भारतीय मॉडेल गाड्या १६.५ मिमीच्या रुळांवर चालवणं आता पुरे. चाकं १९.२५ ला न्यावीत (चर्चा)

नौपाडा_१८५३ (धागाकर्ता)

परवा पोटमाळ्यावरून माझी अर्धवट लोकल खाली काढली आणि समोरून डोळ्यांच्या रेषेत धरली. बालवाडीतल्या स्टुलावर एखादा धष्टपुष्ट मामा बसवावा तशी दिसते. हिशेब केला तर डोळ्यांचा दोष नाही. आपली लोकल ३.६६ मीटर रुंद, म्हणजे १:८७ ला (खऱ्याच्या सत्याऐंशीव्या भागाच्या, एचओ प्रमाणात) ४२ मिमी. आपला ब्रॉडगेज (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) १६७६ मिमी, म्हणजे त्याच प्रमाणात १९.२५. आणि आपण सगळे चालवतो १६.५ वर. ते माप १४३५ मिमीवाल्या युरोप-अमेरिकेचं. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी आमच्या ठाण्याला आली तीसुद्धा साडेपाच फुटी रुळांवरूनच, मग घरातली गाडी परक्या मापावर का?

इंग्लंडवाल्यांचं दुखणं हेच. त्यांच्या ओओ मापाच्या गाड्यांची बॉडी खऱ्या फुटाला ४ मिमी, खाली रूळ मात्र एचओचे १६.५. तिथल्या चिकट लोकांनी आधी ईएम (१८.२) आणि १९६६ पासून पी४ (१८.८३) ही रुंद गेजं काढली आणि घरोघरी चाकं उपटून नवी बसवली.

मी एका बॉक्सएन वाघिणीवर (उघड्या मालडब्यावर) प्रयोग केला. ईएममध्ये १८.२ च्या गेजला चाकांमधलं आतलं अंतर, म्हणजे बॅक-टू-बॅक, १६.५ असतं. तोच १.७ चा फरक धरून मी १७.५५ ठेवलं. कंपनीची चाकं २.८ मिमी जाड. दोन्ही मिळून बाहेरून बाहेर २३.१५, आणि माझ्या बोगीच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटीच्या) दोन बाजूंमध्ये जागा नेमकी २३. गाडी दोन इंच गेली आणि कर्रकन थांबली. मग २.२४ मिमीची बारीक चाकं आणली. आता दोन्हीकडे जेमतेम अर्धा मिमी मोकळा आहे आणि वाघीण लोण्यासारखी पळते. दोन चाकांमधलं अंतर तपासायचं मापाचं हत्यार वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडून पितळेत करून घेतलं. "एवढ्याशा तुकड्यासाठी मशीन लावू?" म्हणत त्याने केलं, आणि वर चहा पाजला.

माझं मत स्पष्ट आहे: नवा डबा हातात आला की पहिल्या दिवशीच चाकं बदला. पंचवीस डबे साठल्यावर कुणी बदलत नाही.

वाशीचा_सांधेवाला

अजिबात पटलं नाही.

चाकं बदलणं हा सोपा भाग. सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे जोड) कोण करणार? १६.५ चा सांधा दुकानात मिळतो, खोक्यातून काढून खिळा ठोकला की झालं. १९.२५ चा कुठे मिळतो ते सांगा. म्हणजे कॉपर क्लॅडच्या (तांब्याचा थर दिलेल्या) पट्ट्या कापा, रूळ कानशीने घासा, प्रत्येक स्लीपरवर डाख द्या. मी हौसेने एकच सांधा केलाय, तोही १६.५ चा. चार रविवार गेले, आणि पावसाळ्यात खालचं एमडीएफ फुगल्यावर चेक रेल (चाकाला वाटेवर ठेवणारा आतला रूळ) इतकी सरकली की प्रत्येक डबा क्रॉसिंगवर उडी मारायचा. फूट-दीड फुटावरून १६.५ आणि १९.२५ मधला फरक किती जणांना कळतो? रूळ सोडून गेलेली गाडी मात्र खोलीच्या दारातूनही दिसते.

दुसरं म्हणजे आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा आपापले फळीचे तुकडे जोडून मोठा रूळमार्ग करतो. तुमची वाघीण तिथे येणार कशी? सरकारने १९९२ पासून मीटरगेज उखडून देश एका गेजवर आणायला घेतला, आणि तुम्ही घरातल्या घरात नवीन गेज काढताय!

ऐरोली_रात्रपाळी

सांधेवाल्याला +१. माझ्याकडे जागा आहे पलंगाखाली. गेजचं नंतर बघू.

कळवा_कारशेड_निवृत्त

वाद रंगला आहे, पण धागाकर्त्याने अर्धंच सोंग घेतलंय. गेज खरं केलं, फ्लँजचं (चाकाला रुळावर धरून ठेवणाऱ्या कडेचं) काय? खऱ्या नव्या चाकाची फ्लँज २८.५ मिमी उंच. १:८७ ला ते होतात ०.३३ मिमी. तुम्ही जी बारीक चाकं म्हणता त्यांची फ्लँज ०.६ च्या पुढेमागे, म्हणजे दुप्पट. आतलं अंतर आमच्याकडे १६०० मिमी असायचं. ते १८.३७ होतं, १७.५५ नव्हे. खरंच खरं करायचं तर पी४ सारखं सगळंच करा. पण मग फ्लँज इतकी उथळ होते की रूळ केसभर वाकडा असला तरी चाक वर चढतं. बोगीला हलणारा टेकू किंवा कमानी (स्प्रिंगा) द्याव्या लागतात, म्हणजे चारही चाकं रुळाला धरून राहतात. आमच्या शेडमध्ये हे काम आख्खी गँग करायची. तुम्ही एकटे.

नौपाडा_१८५३

काका, आकडे कबूल. पण मला ईएमवाल्यांचा मधला रस्ता पुरे. गेज डोळ्यात भरतं, अर्ध्या मिमीची फ्लँज नाही. देवळाचा कळस सरळ केला म्हणून पायरीपण घासूनपुसून द्यायलाच हवी असं थोडंच आहे?

सांधेवाले, डबे बोगीवर एकेका स्क्रूने बसतात. तुमच्याकडे येताना १६.५ च्या बोग्या लावून येईन. आठ मिनिटांचं काम, मोजलंय.

बेलापूर_तीन_मिमी

तुम्ही सगळे चाकांच्या मागे लागलात. बॉडी बदला की! खऱ्या फुटाला ३ मिमी धरा. साडेपाच फूट गुणिले तीन म्हणजे साडेसोळा. ओढूनताणून नाही, बरोब्बर. दुकानातले रूळ, दुकानातले सांधे, दुकानातली चाकं, आणि गेज भारतीय. ७० फुटी आयसीएफ प्रवासी डबा २४५ मिमीऐवजी २१० मिमीचा होतो. बारा डब्यांच्या गाडीत ४२० मिमी वाचतात, ऐरोलीकरांच्या पलंगाखाली तेवढेच बरे.

वाशीचा_सांधेवाला

ताई, आणि बॉडी कुठून आणायची? १:८७ च्या निदान थोड्या भारतीय गाड्या तयार मिळतात. तुमच्या मापाचं इंजिन शून्यापासून करावं लागेल. त्यातली मोटर आणि बोगी तयार घ्यायची तर पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जुळायला हवं, ते शोधण्यात वर्ष जाईल.

बेलापूर_तीन_मिमी

वाघिणी आणि इंजिनांसाठी हे खरं आहे. पण लोकल? तुमच्या धागाकर्त्याची लोकल त्यांच्याच शब्दांत "अर्धवट" आहे. म्हणजे ते स्टायरीन (प्लास्टिकचा पत्रा) कापून हातानेच करताहेत ना? मग १२ फूट रुंदीचे ४२ मिमी कापण्याऐवजी ३६ कापायचे. तेवढंच.

नौपाडा_१८५३

...हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दोन डब्यांच्या बाजू कापून झाल्यात, खिडक्यांसकट. एका बाजूच्या खिडक्यांनाच मला दोन आठवडे लागले. नाही, आता १:८७ च. हट्ट समजा.

कळवा_कारशेड_निवृत्त

हट्टच आहे. इंजिनाचं काय केलंत ते मात्र चलाखीने गाळलंत. डब्याची चाकं अंगठ्याने सरकतात, इंजिनाच्या बोगीत गिअर बसलेले असतात. तिथे चाक पावणेतीन मिमी पसरवायचं तर नवा ॲक्सल, नवे बुश, वीज उचलणाऱ्या पत्र्यांची जागा, सगळं बदलतं. सहा ॲक्सलचं डिझेल असेल तर हे सहा वेळा.

नौपाडा_१८५३

गाळलं नाही काका, लाजेने लिहिलं नाही. डिझेल उघडून ताटात पसरून ठेवलंय, तीन आठवडे झाले. मधला ॲक्सल काढताना एक गिअर तडकला. तूर्त माझ्याकडे १९.२५ चा साडेतीन फूट सरळ रूळ आणि एक वाघीण आहे. ती मी बोटाने ढकलतो. समोरून मात्र काय दिसते म्हणून सांगू!

ऐरोली_रात्रपाळी

फोटो टाका. समोरूनच.