मागच्या पानावरचे संशय

नौपाड्याची लेक
गणपतीच्या आधीची आवराआवर चालू आहे. माळ्यावरून आईची जुनी ऑफिसची पिशवी काढली. आत डबा, मोडकी छत्री आणि एक इंग्रजी पुस्तक. ब्राऊन पेपर घातलेला, मूळ कव्हर आणि पहिली पानं गायब, त्यामुळे नावच कळत नाही. ओळींच्या वर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेत.

मी थबकले ती मागच्या कोऱ्या पानावर. आठ वेगवेगळी अक्षरं. "पान १०२. पाद्रीबुवांचा मदतनीस." "पान १३०. ती नवीन राहायला आलेली बाई." "पान ९५. स्वतः पाद्रीबुवाच!!"

आईला विचारलं. १९८७-८८ची गोष्ट, सकाळची ठाणे स्लो, लेडीज डब्यातला त्यांचा ग्रुप. पुस्तक प्रत्येकीकडे आठवडाभर. शेवटची प्रकरणं उघडायच्या आधी आपला संशय लिहायचा, आणि सगळ्यांचं वाचून होईपर्यंत खुन्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. आठव्या होत्या कोपरीच्या मावशी. त्यांच्या यजमानांची नागपूरला बदली झाली आणि सामान बांधायच्या गडबडीत पुस्तक अर्धवटच परत आलं. त्यांनी नुसतं "पान १४२" लिहिलंय, पुढे काही नाही. त्या पानात त्यांचा संपलेला ठाणे–व्ही.टी. पास अजून आहे.

म्हटलं, आई, खुनी कोण ते मला तरी सांग. तर म्हणते, "तिचं वाचून व्हायचंय अजून."

पस्तीस वर्षांवर झाली हो! मला भरूनच आलं. तुमच्याकडे आहेत का अशी हातोहात फिरलेली रहस्यकथेची पुस्तकं? पोलीस बाजूला राहतात आणि एखादं साधंसुधं माणूस शोध लावतं, तसली. लिहा ना.

खाडीपल्याड
वाशीला लोकल आली मे १९९२ मध्ये. त्याआधी आमची बस, आणि बसमध्ये वाचलं की मला मळमळायचं. त्यामुळे शेजारची वहिनी वाचायची आणि मी ऐकायची. ती मुद्दाम पुलावर आली की थांबायची. "पुढचं उद्या!" रात्रभर जीव टांगणीला. लोकल सुरू झाल्यावर दोघी स्वतंत्र वाचायला लागलो, पण ती मजा गेली. आता ती पनवेलला असते. आज फोन करते तिला.

मोदकवाली
माळा झाला पण तुझा?? माझ्याकडे अजून डेकोरेशनचे खोकेसुद्धा खाली आले नाहीत. नंतर वाचते नीट.

घड्याळजी
थांबा थांबा. गोष्ट पाद्रीबुवाच सांगतात का? कर्नलचा खून त्यांच्या अभ्यासिकेत? आणि तिथलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे?

नौपाड्याची लेक
हो!! घड्याळाच्या ओळीखाली आईने दोन रेघा मारल्यात.

घड्याळजी
मग ती अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ॲट द व्हिकरेज'. १९३० सालची. मिस मार्पलची ही पहिली कादंबरी, कथांमध्ये मात्र ती १९२७ पासून आहे. पुढे एकूण १२ कादंबऱ्या झाल्या. मला ही बाई फार जवळची वाटते. हातात विणकाम, सेंट मेरी मीड नावाचं एक गाव, आणि समोर कोणीही आलं की "हा अगदी आमच्या गावातल्या अमक्यासारखा" असं मनात जुळवत जाणार. माणसं वर्षानुवर्षं बघितल्याची पुंजी, बस. पोलिसांना घड्याळ दिसतं, तिला घड्याळ पुढे ठेवणारं घर दिसतं. आणि खुनी आ

मोदकवाली
खुनी सांगायचा नाही!! शपथ आहे गणपतीची. कोपरीच्या मावशींचं राहिलंय.

घड्याळजी
अहो, "खुनी आधी ओळखणाऱ्याला मानलं" एवढंच लिहीत होतो, बोट आधीच लागलं. ओठ शिवले.

चरईचा जिना
ही तर आमची आजी! चरईतल्या चाळीत जिन्यात ठेवलेल्या आरेच्या दुधाच्या बाटल्यांपैकी एक रोज अर्धी व्हायची. सगळ्यांनी मांजरावर ढकललं. आजी दोन दिवस जिन्यात पोथी घेऊन बसली आणि म्हणाली, "मांजर झाकण परत दाबून बसवत नाही." तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या लहान मुलीला तिने स्वतःकडे बोलावून पेलाभर दूध दिलं, आणि रोज देत राहिली. कोणालाही नाव सांगितलं नाही. मला ते तिच्या शेवटच्या आजारपणात कळलं. तेव्हापासून रहस्यकथेत खुनी कळल्यावर शोध लावणारा पुढे काय करतो, ते मी जास्त लक्ष देऊन वाचतो.

खाडीपल्याड
डोळ्यांत पाणी आणलंत.

रात्रपाळी रबाळे
कॅन्टीनमध्ये एक रहस्यकथा आली होती, तिघांनाही आधी हवी. शेवटी सुरीने शिवण कापून तीन भाग केले. पहिला भाग संपला की त्याने दुसरा घ्यायचा, असं. जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना "बागेतली ती चिठ्ठी आठवते का" म्हणून विचारायचो, म्हणजे तिन्ही भाग जुळायचे. तिसरा भाग लॉकर बदलताना गेला. खुनी मला आजतागायत माहीत नाही. पुस्तक मराठी होतं, एक निवृत्त पोस्टमन शोध लावतो. पाकिटांवरच्या अक्षरावरून. कोणाला आठवतंय का? मनापासून विचारतोय.

ऐरोलीची सायकल
पोस्टमनचं नाही माहीत दादा, पण शोधतो. माझ्या लहानपणी हातोहात फिरला तो भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश, सायकल आणि ट्टॉक! आमच्या बिल्डिंगमध्ये सहा मुलं, पुस्तक एक. ज्याच्याकडे पुस्तक त्याला त्या दिवशी क्रिकेटमध्ये पहिली बॅटिंग नाही, असा करार होता. मी कितीतरी दिवस बॅटिंग सोडली.

पाचपाखाडी
ब्योमकेश बक्षी चालेल का इथे? तो स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवत नाही, सत्यान्वेषी म्हणतो. १९९३ ला दूरदर्शनवर लागायचा तेव्हा

खाडीपल्याड
रजित कपूर!! आमच्याकडे त्या वेळी भाजीसुद्धा कोणी परतायचं नाही.

पाचपाखाडी
तेच तर लिहीत होते. मुलगा उठला, नंतर येते.

ग्रंथालयवेडा
ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं आहे. माझे वडील तिथले सभासद. रहस्यकथा घरी आणल्या की आधी शेवटचं पान चिमट्याने बंद करायचे, मी डोकावू नये म्हणून. चिमटा कपडे वाळत घालायचा, लाकडी. वडील गेल्यावर एका पुस्तकात तसाच चिमटा सापडला. ते पान मी अजून उघडलेलं नाही. नौपाड्याच्या लेकी, तुझ्या आईंना कळेल हे. त्यांना नमस्कार सांग.

नौपाड्याची लेक
सांगितला. तुमचा निरोप तिला दोनदा वाचून दाखवायला लावला. मग स्वतःहून फोनची जुनी वही काढली आणि ग्रुपमधल्या तिघींना फोन लावले. दोघी सापडल्या, वर्तकनगर आणि नेरूळ. नागपूरचा पत्ता कोणाकडेच नाही, पण नेरूळच्या मावशींच्या नणंदेकडे बहुतेक असेल, त्या रविवारी विचारणार आहेत.

मोदकवाली
मिळेपर्यंत पुस्तक मला वाचायला दे ना गं. खोके गेले खड्ड्यात. पास होता त्या पानातून हलवणार नाही.

रात्रपाळी रबाळे
मोदकवालीनंतर मी. कापणार नाही, वचन.

ऐरोलीची सायकल
मग मी.

नौपाड्याची लेक
आई म्हणते, आधी संशय लिहावा लागेल. मागचं पान भरलंय, म्हणून तिने आत्ताच एक कोरा कागद डिंकाने चिकटवून वाळत ठेवलाय. कोपरीच्या मावशींसाठी वरची ओळ सोडलीय.