क्राइस्टचर्चला राहायला जावं का? फोटोंपलीकडचं सांगा

रानवाट: नवऱ्याला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये नोकरी मिळतेय. निळी तळी, बर्फाचे डोंगर बघून माझं मन कधीच तिकडे पोचलंय. पण रोजच्या जगण्यात त्यातलं किती वाट्याला येतं? मुलगी साडेचार वर्षांची आहे.

दक्षिणवारा: आठ वर्षं इथे आहे. तळ्यांचा तो रंग खराच आहे. हिमनद्या खडक दळतात आणि ते पीठ पाण्यात तरंगत राहतं. लेक टेकापो आमच्यापासून गाडीने तीन तासांवर. पहिल्या जानेवारीत रात्री अकराला तिथे पोचलो, दिवे बंद केले. मृग नक्षत्र लगेच ओळखलं, पण चक्क उलटं! बायको किती तरी वेळ मान वर करून उभी होती, एक शब्द बोलली नाही. त्या रात्रीसाठी मी पुन्हा देश बदलेन.

मात्र घर बघताना खिडक्या उत्तरेला आहेत का ते आधी बघा. इथे सूर्य उत्तरेकडून जातो. आमचं पहिलं भाड्याचं घर दक्षिणेकडे तोंड केलेलं, एकेरी काचांचं. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, रोज सकाळी काचेवर आतून पाणी ओघळायचं, ते मी टॉवेलने टिपायचो, आणि चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी. मुलाचा खोकला घर बदलल्यावरच थांबला. आता मुख्य खोली १८ अंशांपर्यंत तापवणारा हीटर देणं घरमालकावर बंधनकारक आहे. तो सुरू करून बघा, नुसता भिंतीवर बघू नका.

ओलीमाती: आणि ऊन! हवा गार असते म्हणून कळत नाही, पण डिसेंबरात बघता बघता मान भाजते. माझ्या लेकाच्या शाळेत टोपी नसेल तर मुलांना सावलीतच बसवतात. तुमची लेक पाचाची झाली की शाळेत जाऊ शकेल. वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा कायद्यानेच मिळते, त्यामुळे डोंगर नुसते लांबून बघावे लागत नाहीत.

रानवाट: भूकंपाची भीती वाटते हो. २०११ चं वाचलंय.

दक्षिणवारा: वाटणारच. शाळेत मुलांकडून नियमित सराव करून घेतात: खाली बसा, डोकं झाका, टेबल धरून ठेवा. आम्ही घरात पाण्याचे कॅन भरून ठेवतो, जड कपाटं भिंतीला पक्की केली आहेत. भाड्याच्या घरात मालकाला विचारून करा.

रानवाट: एका घराचे फोटो आलेत. बैठकीची खिडकी कुठल्या दिशेला आहे, आजच विचारते.

दक्षिणवारा: दुपारी तीनचा फोटो मागवा. जूनमधला.