पप्पांच्या फोनमधली कंपनीची ॲप रूट न करता कशी काढायची? उद्या सकाळच्या आत हवंय

साखरपेठकर (रात्री ८:५०)
पप्पांचा फोन घेतल्या दिवसापासून नको त्या ॲपनी भरलाय. बातम्यांचं, गेमचं, कर्जाचं, थीमचं, वर दोन-दोन ब्राउझर. दाबून धरलं की अनइन्स्टॉल येतच नाही, नुसतं 'ॲप इन्फो'. लॉक उघडायच्या आधीच रोज नवा फोटो आणि त्याखाली कसल्या तरी बातम्या. काल पार्टीने टॉवेलचं डिझाइन व्हॉट्सॲपवर पाठवलं. पप्पा बघत होते तेवढ्यात स्क्रीनभर जाहिरात आली. बंद करायची फुली त्यांना दिसेना, बोट भलतीकडे पडलं आणि अजून एक ॲप उतरून बसलं. स्टोरेज फुल्ल आहे, दुसरं डिझाइन डाउनलोडच होईना.
रूट (फोनच्या सिस्टिमचा पूर्ण ताबा घेणं) करायचं नाही, आधीच सांगतो. व्हिडिओ बघून कॉम्प्युटरला लावून केलं, होत नाही. उद्या ७ ला पप्पा कारखान्यात जातात. लवकर सांगा.

०२१७वाला (८:५८)
मॉडेल कुठलं? अँड्रॉइड कितवं? 'होत नाही' म्हणजे नेमकं काय दिसतं?

होटगीरोड (९:०१)
जुना फोन असेल तर नवीन घ्या की. दसऱ्याला ऑफर असतात. मी मागच्या वर्षी मिसेसला घेतला, एकदम क्लीन आहे.

रॉमवाला (९:०४)
रूट करायचं नाही म्हणून आधीच दार लावून घेतलंत. बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करा, कस्टम रॉम (कंपनीऐवजी दुसऱ्यांनी बनवलेलं अँड्रॉइड) टाका, विषय संपला. माझा सहा वर्षांचा फोन आजही पळतो. ही कंपनीची घाण मुळापासून जायला दुसरा रस्ता नाही.

पासबुक (९:११)
@रॉमवाला तुमचं तुमच्यापाशी ठेवा. मी हे करून बसलोय. बूटलोडर अनलॉक करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, आईचे फोटो गेले ते गेलेच. नंतर बँकेचं ॲप 'फोन सुरक्षित नाही' म्हणून उघडेना. यांचे पप्पा धंदा करतात, पैसे फोनवरच येत असणार. त्यांना हे सांगू नका.

रॉमवाला (९:१४)
बॅकअप घेतला नाही ही चूक तुमची. बँकेच्या ॲपवर उपाय आहेत.

पासबुक (९:१५)
दर अपडेटला नवीन उपाय शोधत बसायचा. साठीच्या माणसाने?

साखरपेठकर (९:२०)
अँड्रॉइड १२. ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. कंपनीचं नाव लिहीत नाही. नवीन फोन नकोय, याचेच पैसे अजून फिटले नाहीत.
कॉम्प्युटरवर प्लॅटफॉर्म टूल्स उतरवली, म्हणजे तिथून फोनला कमांड देणारं एडीबी. एडीबी डिव्हाइसेस टाकलं की 'लिस्ट ऑफ डिव्हाइसेस अटॅच्ड' येतं आणि खाली काहीच नाही. केबल नवीन आहे, सांगू नका बदला म्हणून.

०२१७वाला (९:२६)
यूएसबी डीबगिंग (कॉम्प्युटरला फोनवर कमांड चालवू देणारी सेटिंग) चालू केलं का? सेटिंग्ज, अबाउट फोन, बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप. मग डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात आहे. केबल लावल्यावर फोनवर 'अलाऊ' विचारतं, तिथे हो म्हणायचं.

साखरपेठकर (९:२८)
ते सगळं केलंय हो. फोनवर काही विचारतच नाही. नुसता चार्ज होतो, तोही केबल एका बाजूला दाबून धरली तर.

जुळेसोलापूर (९:३३)
एवढा खटाटोप कशाला? सेटिंग्जमध्ये ॲपवर जा, 'डिसेबल' दाबा. ॲप बंद पडतं, आयकॉन जातो. मी १४ ॲप अशी बंद केली, कॉम्प्युटर लागला नाही.

साखरपेठकर (९:३५)
अर्ध्या ॲपला डिसेबलचं बटण राखाडी आहे. लॉकस्क्रीनवालं त्यातलंच.

शिजुकू_वापरा (९:४०)
कॉम्प्युटर विसरा. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग आहे. फोनवरच शिजुकू (एडीबीचे अधिकार फोनमधल्याच ॲपना देणारं ॲप) टाका, वायफायवर पेअर करा, सोबत कँटा हे ॲप टाका. त्यात ॲपची यादी येते, टिक करून काढायची. फोन रीस्टार्ट झाला की शिजुकू परत चालू करावं लागतं, पण काढलेली ॲप परत येत नाहीत.

साखरपेठकर (९:४३)
घरी वायफाय नाही. स्टोरेज फुल्ल आहे म्हणतोय, टाकू कुठे?

ग्राहकहक्क (९:४७)
मूळ प्रश्न कोणी घेत नाहीये. आपल्या पैशाच्या फोनमधून ॲप काढायला आपल्यालाच कसरत का? स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. आधीच घातलेली आपली ॲप काढू द्या असंही त्या आदेशात होतं. हे लोकांना माहीतच नाही.

पासबुक (९:५२)
पुढचंही सांगा. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला पण काही निर्देश रद्द केले, त्यात ॲप काढू देण्याचाही होता. आणि तो आदेश गुगलच्या ॲपबद्दल होता. इथे त्रास फोन कंपनीच्या ॲपचा आहे.

ग्राहकहक्क (९:५४)
म्हणूनच कायदा हवा म्हणतोय.

नवीपेठ_रिपेअर (१०:०२)
दुकान बंद करून आत्ता वाचलं. @साखरपेठकर, पप्पा फोन कारखान्यात कुठे ठेवतात?

साखरपेठकर (१०:०४)
मागाशेजारी फळीवर, नाहीतर शर्टाच्या खिशात. त्याचा काय संबंध?

नवीपेठ_रिपेअर (१०:०९)
तोच संबंध आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले फोन माझ्याकडे रोज येतात. टॉवेलच्या सुताची बारीक धूळ चार्जिंगच्या भोकात जाते, केबल घातली की आत दाबली जाते, परत धूळ, परत दाब. शेवटी केबल टेकतच नाही. चार्ज कसाबसा होतो, पण डेटाच्या पिना लागत नाहीत. तुमचा कॉम्प्युटर ठीक आहे, एडीबी ठीक आहे.
फोन बंद करा. लाकडी टूथपिक घ्या, टोक जरा चपटं करा. सुई किंवा पिन अजिबात घालू नका. मधल्या पट्टीला धक्का न लावता भिंतीच्या कडेकडेने हळू ओढा. फुंकर मारू नका, तोंडातला ओलावा जातो.

टेरीटॉवेल_घाऊक (१०:१२)
@साखरपेठकर टॉवेल ३० बाय ६० चा काढता का? ५० डझन पाहिजेत, रेट कळवा.

साखरपेठकर (१०:३१)
निघालं!! मुगाच्या डाळीएवढा घट्ट गोळा, गादीतल्या कापसासारखा. त्यात निळं सूतही होतं, मागच्या आठवड्यात निळाच माल चालू होता. केबल टक्क करून बसली. फोनवर 'अलाऊ' आलं, कॉम्प्युटरवर नंबर दिसतोय. @नवीपेठ_रिपेअर दादा, लई उपकार झाले. आता पुढे काय टाकू?

०२१७वाला (१०:३८)
इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजीत टाइप करा. आधी एडीबी शेल पीएम लिस्ट पॅकेजेस. सगळ्या ॲपची सिस्टिममधली नावं (पॅकेज) येतील, ती फाइलमध्ये जपून ठेवा. मग एकेक करून: एडीबी शेल पीएम अनइन्स्टॉल, डॅश डॅश यूजर, शून्य, आणि पॅकेजचं नाव. 'सक्सेस' आलं की गेलं.
एकेकच काढा. दोन-तीन झाली की फोन रीस्टार्ट करून बघा. ज्या नावाचा अर्थ लागत नाही त्याला हात लावू नका. सिस्टिम यूआय, लाँचर, कीबोर्ड, वेबव्ह्यू, प्ले सर्व्हिसेस यातलं काही गेलं तर फोन हातात धरायच्या लायकीचा राहत नाही.

साखरपेठकर (११:०५)
बातम्या, गेम, थीम, एक ब्राउझर, लॉकस्क्रीनवालं, सगळं सक्सेस. दोनदा रीस्टार्ट केला. लॉकवर आता फक्त घड्याळ आणि आजीचा फोटो.
एक जात नाही. 'डिलीट फेल्ड, डिव्हाइस पॉलिसी मॅनेजर' येतं. नावात लॉक आणि फायनान्स आहे. शिवाय स्टोरेज जेमतेम ६०० एमबी मोकळं झालं. इतकी काढली मग जागा का नाही?

पासबुक (११:०८)
फोन हप्त्यावर आहे का?

साखरपेठकर (११:०९)
हो. चार हप्ते राहिलेत.

पासबुक (११:१४)
हे पहिल्यांदा लिहायला हवं होतं. ते ॲप कर्ज देणाऱ्याचं आहे. हप्ता थकला तर फोन लॉक करायला घातलेलं असतं, म्हणून त्याला ॲडमिनचे अधिकार आहेत. त्याच्याशी खेळू नका, फोन लॉक पडला तर धंद्याचे दिवस जातील. शेवटचा हप्ता फेडा, त्यांच्याकडून नो ड्यूजचा कागद घ्या आणि ॲप त्यांच्याकडूनच काढून मागा.

रॉमवाला (११:१६)
बूटलोडर अनलॉक केला असता तर

पासबुक (११:१७)
नाही.

०२१७वाला (११:२१)
जागेचं सांगतो. ही कमांड ॲप फक्त तुमच्या यूजरपुरतं काढते. मूळ फाइल सिस्टिमच्या भागात तशीच राहते, तो भाग तुमच्या वापराच्या जागेत कधी नव्हताच. मोकळा होतो तो ॲपचा साठलेला डेटा. म्हणूनच फॅक्टरी रीसेट केला की सगळी ॲप परत येतात.
जागा व्हॉट्सॲपमध्ये असेल. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. किती दाखवतं?

साखरपेठकर (११:२८)
११ जीबी. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ आणि गड्ड्याच्या यात्रेचे फॉरवर्ड. डिझाइन वेगळ्या फोल्डरला हलवून बाकीचं पुसतोय. पण स्क्रीनभर जाहिरात आत्ता परत आली!

जुळेसोलापूर (११:३३)
परत आली की खालचं चौकोनी बटण दाबा. चालू ॲपच्या यादीत जाहिरात कोणाच्या नावावर दिसते ते बघा. 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' ची परवानगी कोणाकोणाला आहे तेही बघा.

साखरपेठकर (११:४६)
'फोन क्लीनर' म्हणून एक सापडलं. ते कंपनीचं नाहीच, पप्पांनीच उतरवलंय. जागा भरली म्हणून कुठल्याशा जाहिरातीत 'साफ करा' दाबलं होतं म्हणे. नेहमीसारखं अनइन्स्टॉल झालं.

विडीघरकुल (११:५८)
मदत हवी आहे. वरचं वाचून मी आईच्या फोनवर केलं. दुसरीकडे एक यादी सापडली, त्यातली सगळी एकदम काढली. आता व्हॉट्सॲपमध्ये टाइप करायला गेलं की कीबोर्डच येत नाही. आईला सकाळी विडी कारखान्याच्या ग्रुपवर निरोप पाठवायचाय.

०२१७वाला (रात्री १२:०२)
घाबरू नका, फाइल फोनमध्येच आहे. एडीबी शेल सीएमडी पॅकेज, मग इन्स्टॉल डॅश एक्झिस्टिंग, मग कीबोर्डच्या पॅकेजचं नाव. ती यादी इथे टाका, अजून काय काय गेलंय ते बघतो. तोवर फोन रीस्टार्ट करू नका.

विडीघरकुल (१२:०४)
रीस्टार्ट केला. चालू झाला, पण लॉकचा पासवर्ड टाकायला कीबोर्ड येत नाही. डीबगिंग चालूच आहे.

०२१७वाला (१२:०५)
केबल लावा. मी जागा आहे.