मदत हवी आहे: प्लेऑफआधी समोरचा संघ जोखायचा कसा?

टेक्सास, शालेय अमेरिकन फुटबॉल, ६ए गट (सर्वात मोठ्या शाळांचा). मुलगा शाळेच्या संघात लाइनमन म्हणून (पुढच्या फळीत) खेळतो. शुक्रवारी बाय-डिस्ट्रिक्ट, म्हणजे प्लेऑफची पहिली फेरी. हरलो की हंगाम संपला. समोरचे त्यांच्या डिस्ट्रिक्टमध्ये (आसपासच्या शाळांच्या साखळी गटात) पहिले, आम्ही आमच्यात चौथे.

त्यांचे पाठीराखे चाळीस-चाळीस गुणांचे विजय मोजून दाखवताहेत. पण डिस्ट्रिक्टच दुबळा असला तर? मॅक्सप्रेप्स या शालेय खेळांच्या संकेतस्थळावर निकाल ताडून पाहिले, दोघांचा सामाईक प्रतिस्पर्धी एकही नाही. त्यांच्या दोन सामन्यांचे व्हिडिओही पाहिले: सगळी भिस्त चेंडू घेऊन धावण्यावर, पास क्वचितच. आमचा बचाव नेमका तिथेच ढेपाळतो, म्हणून जीव टांगणीला लागलाय. प्रशिक्षकांना या आठवड्यात त्रास द्यायचा नाही.

गुणफरक बाजूला ठेवून नेमकं काय बघू: प्रत्येक धावेमागचे यार्ड, तिसऱ्या डाउनचं यश (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), की टर्नओव्हर (चेंडू समोरच्यांना गमावणं)?