जर्मनीत पीआर (कायम राहण्याचा परवाना): मध्येच नोकरी गेली, आता २१ महिने मोजायचे की २४?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची. केम्निट्झला मास्टर्स केलं, २०२३ च्या उन्हाळ्यात डिग्री हातात आली. १ फेब्रुवारी २०२४ पासून ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना) स्टुटगार्टजवळ, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होते. जुलै २०२५ अखेर आमचं अख्खं डिपार्टमेंटच बंद झालं. नवी नोकरी १ जानेवारी २०२६ पासून. ब्लू कार्ड तेच चालू आहे, परदेशी नागरिकांच्या ऑफिसला दोन्ही वेळा लेखी कळवलं होतं. जर्मन भाषेची बी१ पातळी झालीय.

एक मैत्रीण म्हणते, आता सगळं शून्यापासून मोजणार. दुसरी म्हणते, शिकताना वेर्कस्टुडंट म्हणून केलेलं कामही धरतात. खरं काय? शिवाय बाबांची अँजिओप्लास्टी झालीय. पीआर मिळाल्यावर सांगलीला सलग किती राहता येतं?

रविवारची_मिसळ:
शून्यापासून वगैरे काही नाही. २१ महिने भरले की टाक अर्ज. नव्या नोकरीबद्दल अभिनंदन!

अण्णा_म्हणे:
ताई, रस्ते दोन आहेत आणि लोक त्यांची खिचडी करून ठेवतात.

पहिला ब्लू कार्डवाल्यांचा. इथे त्या कार्डावर प्रत्यक्ष नोकरी केलेले आणि पेन्शन भरलेले महिने मोजतात. बी१ असेल तर २१, नुसतं ए१ (सुरुवातीची पातळी) असेल तर २७. (नोव्हेंबर २०२३ च्या आधी ए१ वाल्यांना ३३ होते, तुम्ही सुखात आहात.) तुमचे जुन्या नोकरीचे १८, त्यात जानेवारी ते मार्च धरा. मार्चअखेर २१ भरतात.

दुसरा रस्ता जर्मनीतच पदवी घेतलेल्यांचा. यात कुशल कामगाराचा परवाना किंवा ब्लू कार्ड हातात असल्याची दोन वर्षं लागतात, बी१ लागतं, आणि पेन्शनच्या वर्गणीचे २४ महिने. दोन वर्षं तुमची जानेवारी २०२६ अखेर भरली. पेन्शनचे महिने मात्र नोकरी गेल्यामुळे कमी पडतात, आणि इथे तुमची दुसरी मैत्रीण अर्धी बरोबर ठरते. वेर्कस्टुडंटच्या पगारातून पेन्शन कापतात. जुन्या पगारपत्रकावर आरव्हीच्या (पेन्शन वर्गणीच्या) ओळीत रक्कम असेल, तर ते महिने या २४ मध्ये धरता येतात. विद्यार्थी परवान्याची वर्षं त्या दोन वर्षांत धरत नाहीत, आणि डिग्रीनंतर नोकरी शोधायला मिळालेल्या परवान्याचा काळही नाही. मिनीजॉब (कमी पगाराची छोटी नोकरी) केला असेल आणि पेन्शनमधून सूट घेतली असेल तर त्या महिन्यांचं काही मिळत नाही.

एवढं सगळं करून फायदा दोन महिन्यांचा! खरी अडचण वेगळीच आहे: नवी नोकरी, म्हणजे बहुधा सहा महिने प्रोबेशन. प्रोबेशन संपलंच पाहिजे असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, पण उदरनिर्वाहाची सोय पक्की आहे हे दाखवावं लागतं, आणि बरीच ऑफिसं प्रोबेशन संपल्याशिवाय फाइल पुढे सरकवत नाहीत. माझ्या ओळखीत एकाची अशीच अडकली होती. तेव्हा जूनअखेर धरून चला आणि मधल्या वेळात डॉइचे रेन्टनफरझिशेरुंग या सरकारी पेन्शन संस्थेकडून पेन्शनचा पूर्ण उतारा मागवा. ऑनलाइन फुकट मिळतो. वेर्कस्टुडंटचे महिने त्यात दिसले नाहीत तर आताच भांडा, अर्ज दिल्यावर नाही.

हायलब्रॉनची_मावशी:
अण्णा सगळं सांगतात आणि परीक्षा विसरतात. 'लेबेन इन डॉइचलांड', म्हणजे जर्मनीचे कायदे आणि समाज यांवरची परीक्षा, दिलीस का गं? ३३ प्रश्न, एक तास, पीआरला १५ बरोबर पुरतात. नागरिकत्वाला १७ लागतात, म्हणून अभ्यास १७ चा कर. प्रश्न आधीच जाहीर असतात: ३०० सगळ्या देशाचे, १० तुझ्या राज्याचे. तू आता बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये, केम्निट्झच्या वेळचे झाक्सनचे प्रश्न पाठ करत बसू नकोस. फोल्क्सहोखशूलेत (प्रौढ शिक्षण केंद्रात) तारीख घे. निकाल पोस्टाने येतो आणि सावकाश येतो.

बाबांचं म्हणशील तर नीट ऐक. पीआर घेऊन सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिलीस तर ती आपोआप रद्द होते, पत्रबित्र येत नाही. ब्लू कार्डला मात्र ही मुदत बारा महिने आहे. उलटं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी ऑफिसकडून मुदत लेखी वाढवून घे.

कृष्णाकाठ:
मावशी, परीक्षा राहिलीय, आजच तारीख बघते. अण्णा, वेर्कस्टुडंटच्या पगारपत्रकात आरव्ही आहे! पण तेव्हा पत्ता केम्निट्झचा होता, उतारा तिकडे जाईल का?

अण्णा_म्हणे:
पेन्शनचा नंबर आयुष्यभर एकच असतो, शहर बदललं तरी. त्यांच्याकडे पत्ता बदलून घ्या आणि मग उतारा मागवा. अर्जाची फी ११३ युरो आहे, तीही बाजूला ठेवा. आणि फाइल देऊन तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईचा दावा करता येतो. वकिलाच्या नुसत्या पत्रानेही कधी कधी काम होतं.