टेस्टस्टँडमध्ये सबसिक्वेन्स कोणत्या क्रमाने चालले ते कसं नोंदवायचं?

नमस्कार मंडळी, टेस्टस्टँडवाल्यांची (एनआयचं ऑटोमेटेड टेस्टिंगचं सॉफ्टवेअर) मदत हवी आहे.

मेनसिक्वेन्समधून (स्टेप्सची मुख्य यादी) साधारण 40 सबसिक्वेन्स (उपयाद्या) कॉल होतात. काही वेगळ्या सिक्वेन्स फाइलमध्ये आहेत, काही नव्या थ्रेडमध्ये चालतात. कोणता कधी सुरू झाला आणि कोणी कॉल केला, हे चालू असतानाच टेक्स्ट फाइलमध्ये हवंय, कारण रन मध्येच अबॉर्ट झाला तर खरी गरज तेव्हाच असते.

करून पाहिलेलं: प्रत्येक सबसिक्वेन्सच्या सेटअपमध्ये (सुरुवातीच्या स्टेप्समध्ये) फाइलग्लोबल्सच्या (फाइलभर वापरता येणारे व्हेरिएबल्स) अ‍ॅरेला नाव जोडलं. पण फाइलग्लोबल्स प्रत्येक सिक्वेन्स फाइलचे वेगळे, त्यामुळे यादी तुटक. शिवाय 40 ठिकाणी तीच स्टेप सांभाळायची, एखादी राहतेच. रिझल्टलिस्टमधला (स्टेप्सच्या निकालांची यादी) टीएस.स्टार्टटाइम (स्टेप सुरू झाल्याची वेळ) उपयोगी आहे, पण काही स्टेप्सचं रिझल्ट रेकॉर्डिंग मुद्दाम बंद आहे. सिक्वेन्सफाइलप्रीस्टेप कॉलबॅकही (प्रत्येक स्टेपआधी आपोआप चालणारा सिक्वेन्स) लावला. तो त्या एकाच फाइलपुरता चालतो.

आता प्रोसेसमॉडेलप्रीस्टेप (तसाच कॉलबॅक, पण टेस्ट चालवणाऱ्या प्रोसेस मॉडेलमधला) वापरायचा विचार आहे. पॅरलल मॉडेल (एकाच वेळी अनेक युनिट्स तपासणारं), 4 सॉकेट्स (युनिट तपासायच्या जागा). मॉडेलची प्रत बदलायला हरकत नाही, सबसिक्वेन्सना मात्र हात लावायचा नाही. या कॉलबॅकमध्ये स्टेप सिक्वेन्स कॉल प्रकारची आहे हे ओळखून कॉल होणाऱ्या सिक्वेन्सचं नाव, कॉलरचं नाव आणि थ्रेड आयडी कोणत्या एक्सप्रेशनने मिळेल?